पाहुणचाराचे मोल

लाच कोणती आणि भेट कोणती, असा प्रश्न कोणी विचारला तर बहुतेक सुजाण माणसे त्याचे उत्तर विनासायास देतील. काम करून देण्याबद्दल ठरवून घेतली ती लाच आणि काही न मागता, सणासुदीचे निमित्त साधून, हसतमुखाने कोणी आणून दिली ती भेट. लाच घेणारा चोरून घेतो, भेट घेणारा चारचौघांत घेतो. लाच घेणाऱ्याला त्याचे मन खात असते. भेट घेणाऱ्याला उलट आपण लोकांना हवेहवेसे आहोत असे वाटते. हा भेद सोयीचा आहे यात शंका नाही. तो कितपत खरा आहे, हा मात्र निराळा प्रश्न आहे. दिवाळीच्या आठवड्यात सरकारी कचेऱ्या, इस्पितळे, हॉटेले आणि कारखाने यांच्या खरेदी विभागांतून पुरवठादारांची माणसे सुक्या मेव्याच्या पेट्या घेऊन फिरत असतात, तेव्हा या प्रश्नाची आठवण सहसा कोणाला होत नाही. ती करून द्यावी असे आम्हांला वाटते आणि त्यासाठी वाचकांना आम्ही चार दशकांपूर्वीच्या भोपाळात नेऊ इच्छितो.

भोपाळ म्हटले की २ डिसेंबर १९८४ ची रात्र आठवते. युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यातील ६१० क्रमांकाच्या टाकीतून सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट वायुरूपाने बाहेर पडले आणि झोपलेल्या वस्त्यांवर मृत्यूचे पांघरूण पडले. सरकारी हिशेबाप्रमाणे पुढे पाच हजारांवर मृत्यूंची भरपाई मंजूर झाली. पीडितांच्या संघटना खरा आकडा याच्या कितीतरी पट असल्याचे सांगतात. वायूची बाधा झालेल्यांची सरकारी संख्या साडेपाच लाखांच्या वर आहे. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरांवर तडजोड झाली आणि जून २०१० मध्ये भोपाळच्या न्यायालयाने कंपनीच्या भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा फर्मावली. हा इतिहास सर्वपरिचित आहे. आम्हांला बोलावयाचे आहे ते त्या रात्रीच्या आधीच्या दशकाविषयी आणि त्यातही एका तुलनेने क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीविषयी. ती गोष्ट म्हणजे कंपनीने केलेला पाहुणचार.

१९७५ साली भोपाळच्या नगरप्रशासनाची सूत्रे एम. एन. बुच या सनदी अधिकाऱ्याकडे होती. कारखान्याभोवती वस्ती वाढत चालली आहे, तेव्हा हा घातक उद्योग शहरापासून दूर हलवावा, अशी सूचना त्यांनी कंपनीला दिली. थोड्याच काळात त्यांची तेथून बदली झाली आणि कारखाना जागच्या जागी राहिला. दुर्घटनेनंतर प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतांत आणखी एक तपशील आला: या नोटिशीनंतर कंपनीने महानगरपालिकेला एका उद्यानासाठी २५,००० रुपयांची देणगी दिली. बदली आणि देणगी यांचा परस्परसंबंध होता, असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणण्याची गरजही नाही. ज्या संस्थेने ज्या कंपनीला गाव सोडण्यास सांगितले होते, तीच संस्था त्याच कंपनीच्या पैशातून बाग फुलवू लागली, एवढेच पाहणे पुरेसे आहे.

शहरातील श्यामला हिल्स या रम्य भागात कंपनीचे एक सुसज्ज अतिथिगृह होते. राज्यातील बडे राजकारणी आणि अधिकारी यांच्यासाठी त्याचे दार उघडे असे आणि सत्तारूढ पक्षाच्या अधिवेशनाच्या वेळी मान्यवर पाहुण्यांची सोय तेथे करण्यात आली होती, असे त्या काळच्या वृत्तपत्रांनी नोंदवून ठेवले आहे. वजनदार मंडळींच्या नातलगांना कंपनीत नोकऱ्या मिळाल्याचे, निवृत्त पोलीस अधिकाऱ्याकडे पहाऱ्याचे कंत्राट असल्याचेही त्यांनी लिहिले. यांतील एकही गोष्ट अंधारात घडलेली नव्हती. नोकरी योग्यतेवर मिळाली असे म्हणता येत होते, कंत्राट नियमाने दिले असे म्हणता येत होते आणि पाहुण्याला एक रात्र निवारा देणे हा तर आपल्याकडे धर्मच मानला जातो.

या काळात धोक्याच्या सूचना मिळत नव्हत्या असे मुळीच नाही. डिसेंबर १९८१ मध्ये कारखान्यातील एक कामगार फॉस्जीन वायूने दगावला. १९८२ मध्ये कंपनीच्याच अमेरिकेतील तज्ज्ञांनी पाहणी करून सुरक्षा व्यवस्थेतील अनेक उणिवा लेखी नोंदवल्या. त्याच वर्षी राजकुमार केसवानी या तरुण पत्रकाराने 'रपट' नावाच्या आपल्या छोट्याशा साप्ताहिकातून शहर ज्वालामुखीच्या तोंडाशी बसले असल्याचा इशारा एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा दिला. विधानसभेत प्रश्न निघाला तेव्हा, डिसेंबर १९८२ मध्ये, राज्याच्या श्रममंत्र्यांनी उत्तर दिले की या कारखान्यात २५ कोटी रुपये गुंतलेले आहेत, तो उचलून दुसरीकडे ठेवण्याजोगा लहानसा दगड नव्हे आणि भोपाळला त्यापासून धोका नाही व पुढेही नसेल. दोन वर्षांनी, त्या रात्री, टाकी थंड राखणारे शीतयंत्र बंद होते, वायू निष्प्रभ करणारी यंत्रणा सज्ज नव्हती आणि तो जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याकडे जाणाऱ्या नळाचा एक तुकडा दुरुस्तीसाठी काढून ठेवलेला होता.

या यंत्रणा बंद पडल्या त्याची जबाबदारी प्रथम कंपनीची, हे निर्विवाद आहे. अतिथिगृहातील एका मुक्कामासाठी कोणी भोपाळ विकले, असा आरोप करणे हा उथळपणा ठरेल. तथापि एक प्रश्न उरतोच. शीतयंत्र चालू आहे काय, हे दारावर जाऊन, आवाज चढवून विचारण्याचा ज्यांना अधिकार होता, त्यांच्यापैकी किती जणांना तो आवाज चढवता आला असता? ज्याच्या घरी आपण जेवलो, ज्याच्याकडे आपला भाचा नोकरीस आहे, ज्याने आपल्या गावाला बाग दिली, त्याच्यावर खटला भरण्याची नोटीस काढताना हात किंचित थबकतो. त्या थबकण्याची नोंद कोणत्याही फायलीत होत नाही. विचारला न गेलेला प्रश्न, लांबणीवर पडलेली तपासणी, सौम्य शब्दांत लिहिलेला शेरा, एवढेच त्याचे स्वरूप असते. लाचेने कृत्य विकत घेता येते. भेटीने मौन मिळते. कृत्याचा पुरावा सापडतो आणि मौनाचा सापडत नाही.

आपल्या भाषेत या अवस्थेला 'मिंधेपणा' असा नेमका शब्द आहे. मिंधा माणूस भ्रष्ट असतोच असे नाही. पुष्कळदा तो चांगल्यापैकी सज्जन असतो. किंबहुना सज्जन असतो म्हणूनच तो मिंधा होतो. खाल्ल्या मिठाला जागावे हा आपल्याकडे लहानपणापासून शिकवला जाणारा संस्कार आहे आणि तो योग्यच आहे. भेट देणारा चतुर व्यापारी नेमक्या याच संस्काराला हात घालतो. कोडग्या माणसाला भेटीचे ओझे वाटत नाही. तो पेटी घेतो आणि विसरून जातो. ओझे वाटते ते कृतज्ञ माणसाला. म्हणून 'मी प्रामाणिक आहे, एका पेटीने माझे मत बदलणार नाही' हे जे समर्थन नेहमी ऐकू येते, ते उलटे तपासून पाहिले पाहिजे. ज्याचे मन सरळ आहे त्यानेच अशा भेटीपासून अधिक सावध राहावयास हवे, कारण त्याच्याजवळ गमावण्यासारखे काही आहे.

यावर कोणी म्हणेल की, भेटी देणेघेणे ही आपल्या देशाची रीत आहे, ती नाकारणे म्हणजे समोरच्याचा अपमान करणे. हा युक्तिवाद नवा नाही. ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी नबाबांकडून नजराणे घेत तेव्हा हाच युक्तिवाद करीत. अखेर १७७३ च्या नियामक कायद्याने कंपनीच्या हिंदुस्थानातील नोकरांना भेटी स्वीकारण्याची बंदी केली. तरी वॉरन हेस्टिंग्जवर ब्रिटिश पार्लमेंटात १७८८ ते १७९५ अशी सात वर्षे जो महाभियोग चालला, त्यातील आरोपांत भेटी स्वीकारल्याचा आरोप होताच. देशाच्या रीतीचा आधार बचावासाठी घेतला गेला, तेव्हा फिर्यादीची बाजू मांडणाऱ्या एडमंड बर्कने प्रदेश बदलला म्हणून नीती बदलत नाही, असे ठणकावून सांगितले. हेस्टिंग्ज शेवटी निर्दोष सुटला हे खरे. पण नंतरच्या काळातही साहेबाच्या बंगल्यावर नाताळच्या दिवशी फळाफुलांची 'डाली' जातच राहिली. कोणाची डाली किती मोठी, यावर कोणाचे काम किती अडलेले आहे हे ओळखता येत असे. आजच्या सुक्या मेव्याची पेटी ही त्या डालीचीच नात होय.

स्वतंत्र भारताच्या नियमकर्त्यांना हे ठाऊक नव्हते असे नाही. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांतील तेरावा नियम भेटींविषयी आहे. साधे जेवण, वाटेत कोणी गाडीतून सोडणे, यांस तो भेट मानत नाही. मात्र ज्यांच्याशी सरकारी कामाचा संबंध येतो अशा व्यक्तींचा किंवा औद्योगिक संस्थांचा डामडौलाचा अथवा वारंवारचा पाहुणचार टाळावा, असे तो स्पष्ट सांगतो. हे वाक्य श्यामला हिल्सवरील त्या अतिथिगृहाच्या दारावर लावून ठेवण्याजोगे होते! लाचलुचपतीच्या १९८८ च्या कायद्यात २०१८ साली दुरुस्ती होऊन 'अनुचित लाभ' ही व्यापक कल्पना आली. नियमांचा तुटवडा आपल्याकडे कधीच नव्हता. पण नियम मोजतात ती किंमत. २०१९ मध्ये केंद्र सरकारने मंजुरीविना स्वीकारता येणाऱ्या भेटीची मर्यादा वरच्या दोन वर्गांसाठी ५,००० रुपये आणि 'क' वर्गासाठी २,००० रुपये अशी वाढवली. वाढत्या महागाईत अशी मर्यादा बदलावी लागते हे मान्य. तथापि मिंधेपणाला किंमत नसते. पाच हजारांच्या घड्याळाने जे साधत नाही, ते आजारी आईसाठी शहरातील इस्पितळात वेळेवर मिळवून दिलेल्या खाटेने साधते, आणि त्या उपकाराची पावती कोणीच फाडत नाही.

गोमंतकातील वाचकांना या संदर्भात लुई बर्जर प्रकरण आठवेल. भारत, इंडोनेशिया, व्हिएतनाम आणि कुवेत येथील अधिकाऱ्यांना लाच दिल्याचे त्या अमेरिकन कंपनीने २०१५ मध्ये आपल्या देशात कबूल केले आणि १ कोटी ७१ लक्ष डॉलरांचा दंड मान्य केला. गोव्यातील पाणीपुरवठा प्रकल्पाचे नाव त्यात आले तेव्हा सर्वत्र खळबळ उडाली. ती खळबळ योग्यच होती. पण ते ठरवून दिलेल्या पैशांचे प्रकरण होते आणि असे प्रकरण कागदोपत्री कधी ना कधी उघडे पडते. आम्ही बोलत आहोत ते त्याच्या कितीतरी आधी, पहिल्या भेटीच्या दिवशी, दिवाणखान्यात काय घडते त्याविषयी. मोठी लाच सहसा अनोळखी माणसाकडून येत नाही. आधी कॅलेंडर येते, मग पेटी, मग मुलीच्या लग्नाचा आहेर, मग सहकुटुंब सहल. आणि एके दिवशी 'साहेब, एवढे बिल तेवढे बघा' हे वाक्य येते. त्या दिवशी नाही म्हणणे अवघड जाते, कारण नाही म्हणण्याची वेळ केव्हाच निघून गेलेली असते.

हा प्रश्न केवळ सरकारी खुर्च्यांचा नाही. हॉटेलसाठी मासळी आणि भाजी घेणारा, इस्पितळासाठी औषधे निवडणारा, शाळेसाठी गणवेश आणि पुस्तके ठरवणारा, पतसंस्थेसाठी संगणक विकत घेणारा, असे हजारो लोक दुसऱ्यांच्या पैशाने रोज खरेदी करीत असतात. पुरवठादाराने त्यांना दिलेली भेट तो स्वतःच्या खिशातून देत नाही, हे त्यांनी ध्यानात घ्यावे. ती पुढच्या बिलात चढते आणि रुग्ण, पालक, ठेवीदार ती फेडतात. औषध कंपन्या डॉक्टरांना देत असलेल्या भेटींबाबत आपल्या देशाला हे उमगावयास बराच काळ लागला. भारतीय वैद्यक परिषदेने २००९ मध्ये डॉक्टरांना अशा भेटी व सहली घेण्याची मनाई केली. पण मनाई घेणाऱ्याला होती, देणारा मोकळाच होता आणि हा खर्च आयकरात वजा मागत होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वजावट नाकारली आणि या भेटींची किंमत अखेर औषधाच्या दरात मिसळून रुग्णाच्याच माथी बसते, हे दाखवून दिले. २०२४ मध्ये औषध कंपन्यांसाठी नवी आचारसंहिता आली. एवढ्या साऱ्या खटाटोपामागील तत्त्व आपल्या आजीलाही समजण्यासारखे आहे: फुकट काही येत नाही, कोणीतरी त्याचे पैसे मोजत असतो.

वृत्तपत्रांनीही या बाबतीत आपल्याला वेगळा नियम आहे असे समजू नये. पत्रकार परिषदेनंतर हाती पडणारी पिशवी आणि कंपनीच्या खर्चाने घडणारा दौरा यांचा परिणाम दुसऱ्या दिवशीच्या बातमीवर होत नाही, असे मानणे भोळेपणाचे होईल. भोपाळात इशारा देणारा पत्रकार लहानशा साप्ताहिकाचा होता आणि मोठ्या आवाजाची पत्रे फारशी बोलली नाहीत, हे या व्यवसायातील प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखे आहे.

त्याहून नाजूक विषय आहे तो संस्थांना मिळणाऱ्या भेटींचा. आमच्या किनारपट्टीवर कारखाने आले, खाणी चालल्या, हॉटेले उभी राहिली. गावच्या शाळेला बाके, जत्रेला मंडप, सप्ताहाला महाप्रसाद, देवळाच्या सभामंडपाला फरशी, क्लबला चषक, अशा देणग्या त्यांच्याकडून येतात आणि त्या कोणा एकाच्या खिशात जात नसल्यामुळे त्या घेण्यात काही वावगे असल्याचे कोणाच्या मनातही येत नाही. प्रत्येक देणगी संशयास्पद असते असे आम्हांला मुळीच म्हणावयाचे नाही. परंतु भोपाळच्या उद्यानाची देणगीही कोणाच्या खिशात गेली नव्हती. एका माणसाला मिंधे केले तर त्याच्या जागी दुसरा येऊ शकतो. सारा गाव मिंधा झाला तर नदीचे पाणी रंग बदलू लागल्यावर ग्रामसभेत उभे राहून बोलावयाचे कोणी? ज्या उद्योगावर देखरेख ठेवणे हे पंचायतीचे काम आहे, त्याच्याकडून पंचायतीने काही घेऊच नये. त्याला गावाचे भले करावयाचे असेल तर कर वेळेवर भरावा, सांडपाणी शुद्ध करून सोडावे आणि गावच्या मुलांना रीतसर नोकऱ्या द्याव्यात. याहून मोठी देणगी नाही.

दान आपल्या परंपरेत पुण्यकर्म मानले आहे, मग भेटीला विरोध का, असेही कोणी विचारील. त्याचे उत्तर परंपरेतच आहे. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. ज्याच्याकडून परतफेडीची अपेक्षा नाही अशा सत्पात्र माणसाला, योग्य स्थळी व योग्य वेळी दिलेले दान सात्त्विक. उलट उपकाराच्या हिशेबाने किंवा फळावर डोळा ठेवून दिलेले ते राजस. पुरवठादार दिवाळीची पेटी खरेदी अधिकाऱ्याला देतो, त्याच कचेरीच्या दारावरील पहारेकऱ्याला देत नाही; आणि अधिकारी निवृत्त झाला की पुढल्या दिवाळीला ती त्याच्या घरी न जाता नव्या अधिकाऱ्याच्या घरी जाते. ही भेट माणसाला नव्हे, खुर्चीला होती, हे ओळखण्यास आणखी कोणता पुरावा हवा?

ही साधी कसोटी प्रत्येकाने स्वतःला लावून पाहावी. मी या खुर्चीवर नसतो तर ही वस्तू माझ्या घरी आली असती काय? ज्या पुरवठादाराची निविदा मी नाकारली, त्याच्यासमोर ही पेटी मला उघडता येईल काय? दोन्हींची उत्तरे नकारार्थी असतील तर पेटी परत करावी, आणि ती पहिल्याच वेळी, नम्रपणे, सर्वांना एकच नियम सांगून परत करावी. मालकांनी आणि संस्थाचालकांनी हे ओझे एकट्या नोकरावर टाकू नये. 'आमच्याकडे कोणीही काही स्वीकारत नाही' असे पत्र दसऱ्याच्या आधीच सर्व पुरवठादारांना गेले, तर नाकारणाऱ्याला उद्धट ठरण्याची भीती राहत नाही. नाशवंत वस्तू परत करणे अशक्य झाले तर तिची नोंद वहीत व्हावी आणि ती अनाथाश्रमात जावी. शेजाऱ्याने आणलेल्या चतुर्थीच्या नेवऱ्यांना यांतील काहीही लागू नाही. शेजारी आपल्याकडे बिल मंजुरीसाठी पाठवत नसतो.

७ डिसेंबर १९८४ रोजी युनियन कार्बाइडचे अध्यक्ष वॉरन अँडरसन भोपाळात उतरले तेव्हा त्यांना अटक झाली. त्यांना ठेवण्यात आले ते तुरुंगात नव्हे, श्यामला हिल्सवरील कंपनीच्याच त्या अतिथिगृहात. आणि त्याच दिवशी जातमुचलक्यावर सुटून ते सरकारी विमानाने दिल्लीस रवाना झाले. पुढे खटल्याच्या कामी ते भारतात कधीच हजर झाले नाहीत आणि २०१४ मध्ये अमेरिकेत वारले. कारखान्याच्या आवारात पडून राहिलेला ३३७ टन विषारी कचरा भोपाळमधून हलावयास जानेवारी २०२५ उजाडावे लागले. तो पीथमपूरला नेऊन पुढील काही महिन्यांत जाळण्यात आला. वायूने फुप्फुसे जळालेली माणसे मात्र त्या शहरात अजून आहेत, आणि श्यामला हिल्सवरील पाहुणचार त्यांच्यापैकी कोणीच घेतलेला नव्हता. येत्या दिवाळीला दारावर पेटी घेऊन कोणी उभा राहील, तेव्हा ती हाती घेण्यापूर्वी हे एवढे आठवावे, अशी आमची वाचकांस विनंती आहे.